लावणीची गाजरं

अर्बनभाऊंनी शब्द दिला तेव्हा मी तिथेच होते, हातात केकची बशी घेऊन. त्यामुळे या प्रकरणाची साक्षीदार मी पहिल्यापासून आहे. गावठाणात याच्या चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

कार्मेनचा साखरपुडा होता. कार्मेन म्हणजे अर्बनभाऊ आणि इनेझची एकुलती एक मुलगी. आम्ही त्यांचे भाडेकरू. अंधेरीला आंबोलीच्या गावठाणात त्यांचं कौलारू घर आहे. पुढचं सगळं त्यांचं, मागची एक खोली आणि पडवी आमची. माझा नवरा सहदेव गिरणीत होता, ती बंद पडली तेव्हापासून आरे कॉलनीतल्या गोठ्यांवर कामाला जातो. आम्ही मालवणकडचे, ते ख्रिस्ती, पण इनेझ आणि मी एकाच विहिरीवर धुणं धुतो. एका विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांच्या घरातलं एकमेकींपासून काही झाकून राहत नाही.

मुलाकडची माणसं बोरिवलीहून आली होती, एक्सरच्या गावठाणातून. मुलगा हसरा, कार्मेनला शोभेलसा. त्याचे वडील हर्बर्ट मात्र निराळं प्रकरण. भरघोस मिश्या, बोलणं मोजून, आणि समोरच्याकडे असं बघायचे की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. मला असल्या माणसांचा राग येतो. त्यांनी घर बघितलं, विहिरीत डोकावून पाहिलं, मग ओटीवर बसले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं भातशेत कुठल्या बाजूला, अर्बन? लग्नाचा तांदूळ घरचाच ना?"

या लोकांत व्याही-व्याहीसुद्धा एकमेकांना अरे-तुरे करतात. इतकी वर्षं झाली तरी मला त्याची सवय झालेली नाही. पण त्या दिवशी अरे-तुरेपेक्षा प्रश्न जास्त लागला. कारण शेत गेलेलं होतं. अर्धं आधीच एका कारखान्यासाठी गेलं, उरलेल्यावर आता चार मजली इमारत उभी आहे. अर्बनभाऊ कंपनीत फिटर आहेत. कामावरून येताना रोज त्या इमारतीच्या आवारातून येतात आणि वॉचमनला सांगतात की तुझी खुर्ची आहे तिथे आमचा बांध होता. वॉचमन बिचारा खुर्ची थोडी सरकवतो.

इनेझच्या लग्नात भाकऱ्या झाल्या त्या त्याच शेतातल्या तांदळाच्या. अर्बनभाऊंच्या आईच्या लग्नातही तसंच. मी बशी खाली ठेवली आणि व्याह्यांना दोन शब्द सुनवावेत की काय या विचारात होते, तेवढ्यात अर्बनभाऊ बोलले. "तांदूळ नाही. पण लग्नाच्या लोणच्याची गाजरं माझ्या जमिनीतली असतील."

हर्बर्टनी नुसती मान हलवली. इनेझने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे, कारण त्या घराला जमीन म्हणून उरली होती ती विहिरीपासून मागच्या भिंतीपर्यंतची पट्टी. तिथे अळू होतं, एक केळ होती आणि आमची धुण्याची दोरी होती. आणि अर्बनभाऊंनी आयुष्यात गाजर लावलेलं नव्हतं.

हे लग्नाचं लोणचं म्हणजे काय ते सांगायला हवं. यांच्याकडे ते लोणचं नसलं तर लग्नाचं जेवण पुरं होत नाही. गाजराच्या बारीक लांब फोडी करून मीठ लावून उन्हात वाळवायच्या, मग ताडीचा शिरका, खजूर, आलं, लसूण, मोहरी, मिरची असं सगळं घालून चिनी मातीच्या बरणीत दडपायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं. उपासाचे दिवस चालू असताना लग्नं लागत नाहीत, ती लागतात ईस्टर झाल्यावर. तेव्हा बाजारात गाजर मिळतं ते लाकूड असतं. म्हणून थंडीत गाजर असतानाच लोणचं घालून ठेवतात. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापला सुरा आणि पाट घेऊन येतात. एकटीने घातलेलं लोणचं लग्नाचं मानत नाहीत.

तर दिवाळीच्या सुमारास अळू निघालं, केळ निघाली, माझी दोरीही निघाली. दोरीवरून मी दोन दिवस कुणाशी बोलत नव्हते. पट्टीतली जमीन सहदेव आणि अर्बनभाऊंनी मिळून खणली. दगड निघाले, फुटक्या कौलांचे तुकडे निघाले, एक पितळी चमचा निघाला. इनेझने तो चमचा ओळखला आणि तो हरवला तेव्हा ज्या मोलकरणीवर आळ घेतला होता तिच्यासाठी दिवसभर हळहळली.

खत आरेचं. सहदेव गोठ्यावरून शेणखताचं पोतं घेऊन बसमध्ये चढला. कंडक्टरने त्याला जंगलाच्या मध्यावर उतरवलं. पुढच्या बसच्या कंडक्टरला त्याने सांगितलं की पोत्यात लग्नाचं सामान आहे. एका परीने ते खरंच होतं. पण वास लपत नाही, त्यानेही उतरवलं. शेवटी पोतं डोक्यावर घेऊन नवरा चालत घरी आला आणि मी त्याला आधी विहिरीवर पाठवलं.

बी आणलं भायखळ्याहून. केशरी, सरळ, लांब गाजराचं बी, असं दुकानदाराने सांगितलं. आणि वर बजावलं की रोपं बोटभर झाली की विरळणी करा, जास्तीची उपटून टाका. अर्बनभाऊंनी ते नीट ऐकून घेतलं. बी पेरलं, वरून गोणपाट घातलं, रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. दहा-बारा दिवस काहीच दिसेना, तेव्हा त्यांनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मग एका सकाळी बघतो तर पट्टीभर हिरवी लव. इतकी दाट की माती दिसेना.

आता विरळणी आली. अर्बनभाऊ गुडघ्यावर बसले, चिमटीने एक रोप उपटलं, आणि तसेच हातात धरून बसले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, हे फेकायचं कसं? चांगलं जिवंत रोप आहे. सहदेव जवळ गेला, वाकून बघितलं आणि मान डोलावली. "ह्यो तर तरवोच झालो मरे," तो म्हणाला. आमच्याकडे भाताचं रोप असंच दाट वाढवतात, त्याला तरवा म्हणतात. तो काढायचा, जुड्या बांधायच्या, आणि दुसरीकडे ओळीने लावायचा. तरवा फेकून दिलेला आम्ही कुणीच कधी पाहिलेला नाही.

मग काय, ठरलंच. दोघांनी सगळी रोपं उपटली. एक जुडी मी बांधली, एक इनेझने. वाफ्यात पाणी सोडून चांगला चिखल केला आणि ओळीने, दोन बोटांचं अंतर ठेवून, अंगठ्याने दाबत दाबत गाजरांची लावणी झाली. अर्बनभाऊंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्यांचा हात असा सपसप चालत होता की मी बघतच राहिले. कंपनीतला फिटर कुठल्या कुठे गेला होता. ऐन थंडीत दोघांनी लावणीची गाणी म्हटली, एकाने त्याच्या भाषेत, दुसऱ्याने आपल्या. कार्मेन ऑफिसातून आली तीही चप्पल काढून चिखलात उतरली. आमच्यापैकी एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. मला विचाराल तर त्या घरातली ती सगळ्यात झकास संध्याकाळ होती.

रोपं दोन दिवस माना टाकून पडली आणि मग उभी राहिली. अर्बनभाऊ म्हणाले, भातही असाच आधी रुसतो. नाताळपर्यंत पाला इतका माजला की येणारा-जाणारा थांबून बघायचा. अर्बनभाऊ हटकून तेव्हाच पाणी घालायला बाहेर असायचे. शेजारच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून विचारायच्या, काय लावलंय हो? हे वर बघून सांगायचे, मुलीच्या लग्नाचं लोणचं. जावयाच्या हाती एक्सरला निरोपही गेला की पीक उत्तम आहे. निरोप कशाला पाठवायचा होता, असं इनेझ म्हणाली. पण तीही जाता-येता पाल्यावरून हात फिरवायची, ते मी बघितलंय.

मग जानेवारीच्या शेवटाला अर्बनभाऊ एकदम गप्प झाले. पट्टीकडे कुणाला फिरकू देईनात. मला म्हणाले, वैनी, धुणं पुढच्या नळावर धुवा. मी म्हटलं, दोरी गेली, आता दगडही गेला का? ते झारी उचलून वाफ्याकडे वळले. इनेझला वाटलं, मुलगी जाणार म्हणून जीव तुटतोय. तिने त्यांना दोन वेळा बोंबलाचं कालवण करून घातलं. ते त्यांनी निमूट खाल्लं.

लोणच्याचा रविवार ठरला होता. त्या सकाळी मी मुद्दाम लवकर विहिरीवर गेले. धुणं माझ्याच दगडावर धुवायचं असा माझा निश्चय होता. तर दगडावर अर्बनभाऊ. समोर गाजरांचा ढीग, बाजूला रिकामं पोतं, आणि एका बालदीत चिखल. ते एकेक गाजर उचलून त्याला चिखल फासत होते. लोक गाजराचा चिखल धुतात. हा माणूस लावत होता.

मी चिडले की माझी मालवणी सुटते. "अर्बनभाऊ, ह्या काय करतास?"

ते इतके दचकले की गाजर विहिरीत पडलं. मग उठले, वाफ्यात गेले आणि पाल्याला धरून एक गाजर उपटून माझ्या हातात दिलं. केशरी, टवटवीत, आणि वितीच्या निम्म्यावरच दोन फाटे फुटलेलं. दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखं. त्यांनी दुसरं उपटलं, तेही दोन पायांचं. तिसऱ्याने एका पायावर दुसरा टाकला होता. सरळ एकही नाही, असं ते म्हणाले. आठवडाभर ते एकेक उपटून बघत होते आणि परत पुरून ठेवत होते. अंधेरीच्या बाजारातून ही सरळ गाजरं आदल्या संध्याकाळी आणली होती.

मी म्हटलं, ही लाल आहेत, तुमची केशरी. ते म्हणाले, चिखलात कोणाला कळतंय? मी म्हटलं, आणि बायका धुतील तेव्हा? इतका पुढचा विचार त्यांनी केलेला नव्हता. ते दगडावर बसले. हाताला कोपरापर्यंत चिखल होता, तसाच त्यांनी तोंडावरून फिरवला.

"त्या माणसाला मी शब्द दिलाय, वैनी," ते म्हणाले. "त्याच्या पानात हे लंगडं ठेवू? म्हणेल, शेत गेलं ते गेलं, ह्याच्या हातातलंही गेलं."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण मला वाईट वाटलं की माझा आवाज चढतो, हा माझा जुना दोष आहे. मी म्हटलं, तुम्ही शब्द जमिनीचा दिलात की सरळपणाचा? ही गाजरं तुमच्या जमिनीतली आहेत की नाहीत? मग झालं तर. त्या व्याह्याला फोडीत पाय मोजता येत असतील तर मोजू देत. एवढ्या आवाजाने इनेझ बाहेर आली, मागून कार्मेन, मग सहदेव दात घासत.

इनेझने माझ्या हातातलं गाजर बघितलं, लाल ढीग बघितला, नवऱ्याचं चिखलाचं तोंड बघितलं. ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि शेवटी त्यातलं हसणं किती ते मला सांगता येईना. कार्मेन मात्र हसली नाही. ती वाफ्यात उतरली, स्कर्ट खोचला, आणि गाजरं उपटायला लागली. "डॅडी," ती म्हणाली, "हीच घालायची. नाहीतर माझ्या लग्नात लोणचंच नको."

मग सगळेच उतरलो. पाय का फुटले यावर वाद झाला. अर्बनभाऊंचं मत पडलं की शेजारच्या इमारतीचा पाया खालपर्यंत आला असणार. इनेझ म्हणाली, शेणखत ताजं होतं. त्यावर सहदेवला आरेच्या म्हशींचा अपमान सहन झाला नाही. काहीही असो, ढीग मोठा निघाला. लाल गाजरं मी नेली. आमच्याकडे त्या आठवड्यात हलवा झाला, कोशिंबीर झाली, भाजी झाली. त्यानंतर सहदेवने गाजर हा शब्द घरात काढायला बंदी केली.

बायका आल्या, पाट मांडले. पहिलं गाजर हातात घेतल्यावर जो हशा उठला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. मग कामाला लागल्या. सरळ गाजराची फोड सरसर होते. याची आधी तंगडी सोडवायची, बेचक्यातली माती काढायची, मग फोडी करायच्या. एरवी जेवणापर्यंत उरकणारं काम दिवेलागणीला संपलं. पण दुसऱ्या सकाळी फोडी एकदा बाजेवर पांढऱ्या धोतरावर पसरल्या तेव्हा त्या सरळ गाजराच्या की लंगड्याच्या, हे ओळखायची कुणाची टाप नव्हती. केशरी, बारीक, उन्हात चमकणाऱ्या. अर्बनभाऊ रजा टाकून कावळे हाकायला काठी घेऊन बाजेजवळ बसून राहिले.

बरणी भरताना इनेझने एक बारकंसं गाजर बाजूला काढलं. वीतभरही नव्हतं. दोन्ही पाय सारखे, सुरेख. हे कापवत नाही, असं म्हणून तिने ते अख्खंच शिरक्यात टाकलं आणि वरून फोडी दडपल्या. ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही. मलाही गप्प राहायला सांगितलं. मी गप्प राहू शकते, लोकांना वाटतं तशी मी नाही.

मे महिन्यात लग्न झालं. आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीसाठी आमच्याच विहिरीचं पाणी काढायला सगळे वाजतगाजत गेले. त्या पट्टीत आता माझी दोरी परत आली होती. तिला कुणीतरी पताका बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चर्च झालं, मांडवात पंगत बसली. भाकऱ्या दुकानच्या तांदळाच्या होत्या. त्याबद्दल कुणी बोललं नाही. लोणचं मात्र अर्बनभाऊ स्वतः वाढत होते. नवीन सूट घातलेला, हातात लोणच्याचं मोठं भांडं, आणि प्रत्येक पानाशी थांबून एकच वाक्य, आमच्या जमिनीतलं. बँडवाल्यांनासुद्धा तेच सांगितलं.

मी आणि इनेझ मागे उभ्या होतो. ते हर्बर्टच्या पानाशी आले, डाव भांड्यात घातला आणि वाढला. फोडींबरोबर ते अख्खं गाजर बाहेर आलं आणि पानाच्या मधोमध पडलं, दोन्ही पाय वर करून. इनेझने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. एवढ्या पानांतून ते त्याच पानात जायचं होतं.

अर्बनभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी ते उचलायला हात पुढे केला, पण हर्बर्टनी आधीच उचललं होतं. देठाला धरून त्यांनी ते डोळ्यांसमोर आणलं, फिरवून बघितलं, दोन पायांच्या मधल्या बेचक्यावरून अंगठा फिरवला. आजूबाजूची पंगत माना वळवून बघायला लागली. मी पदर खोचला. हा माणूस आता काही वाकडं बोलला तर लग्न असो की काही असो, मी ऐकून घेणार नव्हते.

"अर्बन," ते म्हणाले, "रोपं उपटून परत लावलीस काय? भातासारखी?"

अर्बनभाऊंनी होकारार्थी मान हलवली.

"गाजराला ते चालत नाही. त्याचं मूळ खाली जायला बघतं. एकदा उपटलं की टोक मोडतं, मग त्याला पाय फुटतात." मग आवाज खाली करून म्हणाले, "आमचं शेत गेलं त्या वर्षी मी पण परसात लावली. ह्याच हातांनी, ओळीत. तुला तांदळाचं विचारलं ना, ते टोचायला नाही. मला वाटलं, निदान तुझं तरी शेत राहिलं असेल."

अर्बनभाऊंनी भांडं खाली ठेवलं आणि तिथेच, नव्या सुटात, व्याह्याच्या बाजूला खाली बसले. माझा खोचलेला पदर मला उगाच जड झाला, तो मी सोडला.

हर्बर्टनी गाजर बेचक्यातून मोडलं. एक पाय अर्बनभाऊंच्या हातात दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिले.

"लोणचं चांगलं झालंय," ते म्हणाले. "आणि तुझ्या गाजरांना दोनच पाय होते. माझ्या गाजरांना तीन-तीन फुटले होते."